आपलंच रक्त, आपल्याच डोक्यात: पीआरपी म्हणजे नेमकं काय?

श्रावणात भाचीला डेंग्यू झाला. तेव्हा आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी एकच आकडा यायचा. ६८ हजार, ४१ हजार, ५२ हजार. कुणी पपईच्या पानांचा रस धाडला, कुणी किवी. पोरगी बरी झाली, विषय संपला. मग दिवाळीत पहिल्या अंघोळीला न्हाणीच्या जाळीवर केसांचा पुंजका अडकलेला बघून ती हबकली, आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मला फोन आला.

"मावशी, इथल्या एका क्लिनिकमध्ये दाखवलं. पीआरपी करा म्हणतात. सहा सिटिंगचं पॅकेज, आज बुक केलं तर एक फुकट. पण प्लेटलेट म्हणजे त्याच ना गं, माझ्या कमी झाल्या होत्या त्या? त्या डोक्यात टोचून केस कसे येणार?"

मी डॉक्टर नाही. सांगलीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये बावीस वर्षं रक्ताच्या नळ्या फिरवल्या, एवढीच माझी कमाई. पण पीआरपीचा निम्मा खेळ नळीतच होतो, आणि क्लिनिकच्या जाहिरातीत नेमका तेवढाच भाग नसतो. म्हणून भाचीला जे सांगितलं ते इथे जरा सविस्तर लिहिते.

प्लेटलेट: ताडपत्री आणि निरोप्या

पीआरपी म्हणजे प्लेटलेट रिच प्लाझ्मा. रक्तातल्या पेशी बाजूला काढल्या की जो पिवळसर द्रव उरतो तो प्लाझ्मा. त्यात प्लेटलेटची दाटी करून ठेवली की झालं पीआरपी.

प्लेटलेट ही पूर्ण पेशीसुद्धा नव्हे. हाडांच्या मगजात काही भल्या थोरल्या पेशी असतात, त्यांचे तुटून सुटलेले तुकडे म्हणजे प्लेटलेट. आठ-दहा दिवस जगतात. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात, म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढ्या थेंबात, दीड ते साडेचार लाख असतात.

पावसात घराचं छप्पर उडालं तर आपण काय करतो? आधी ताडपत्री टाकतो. मग गवंड्याला, सुताराला निरोप धाडतो. जखम झाल्यावर प्लेटलेट ही दोन्ही कामं करतात. पहिलं काम सगळ्यांना ठाऊक आहे: एकमेकींना चिकटून रक्त थांबवायचं. डेंग्यूत आपण घाबरतो ते याच कामासाठी. दुसरं काम कमी माहितीचं आहे. त्यांच्या पोटात बारीक पुड्या असतात आणि त्या पुड्यांत प्रथिनं. ती बाहेर पडली की आजूबाजूच्या पेशींना हुकूम जातो: वाढा, नव्या रक्तवाहिन्या काढा, डागडुजी सुरू करा. या प्रथिनांना ग्रोथ फॅक्टर म्हणतात. मी त्यांना निरोपच म्हणणार आहे.

पीआरपीमागची कल्पना एवढीच. जखम नसलेल्या जागी हे निरोप मुद्दाम नेऊन टोचायचे, म्हणजे तिथल्या पेशींना वाटेल की कामाला लागायची वेळ झाली.

कल्पना केसांसाठी जन्मलेली नाही. प्लेटलेटची अशी दाटी रक्तपेढ्यांत आधीपासून करत होते, रुग्णांना चढवायला. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जबड्याच्या शल्यचिकित्सकांनी हाडाच्या कलमात, म्हणजे जबड्यात भरायच्या हाडाच्या तुकड्यांत, ती मिसळल्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. मग खेळाडूंचे स्नायू, मग गुडघे, आणि शेवटी टाळू व गाल. गुडघ्याचं आत्ताच सांगून टाकते, कारण आमच्या वयाच्या बायकांना तेच विचारायचं असतं: २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियात २८८ जणांवर नीट चाचणी झाली. निम्म्यांना पीआरपी, निम्म्यांना सलाइनचं पाणी. वर्षभराने दुखण्यात म्हणावा असा फरक नव्हता.

नळीत काय होतं

दंडाला पट्टा बांधून वीस-तीस मिलिलिटर रक्त काढतात. नळीत आधीच सायट्रेट असतं, नाहीतर रक्त गोठेल. मग नळ्या सेंट्रीफ्यूजमध्ये, म्हणजे गरगर फिरवणाऱ्या यंत्रात. समोरासमोरच्या नळ्यांचं वजन सारखं हवं. नसेल तर यंत्र असं धडधडतं की टेबलावरचा चहा सांडतो.

ज्यांनी दूध डेअरीत क्रीम सेपरेटर पाहिलाय त्यांना पुढचं सांगायला नको. फिरवलं की जड ते लांब फेकलं जातं, हलकं जवळ राहतं. नळी बाहेर काढली की तळाला गडद लाल थर, वर पिवळा प्लाझ्मा, आणि दोघांच्या मधे सायीसारखी पातळ पांढुरकी चकती. प्लेटलेटची गर्दी त्या चकतीत आणि तिच्या लगेच वरच्या पिवळ्या भागात. आदल्या रात्री तेलकट हाणलेलं असेल तर तो पिवळा भाग दुधाळ, गढूळ निघतो. मिसळ खाऊन आलेला माणूस आम्ही नळीवरून ओळखायचो.

आता मुद्द्याचं. यंत्र हवं त्यापेक्षा जोरात किंवा जास्त वेळ फिरवलं तर प्लेटलेटही लाल थराबरोबर तळाला जातात. वर उरतं ते नुसतं पिवळं पाणी. म्हणून बऱ्याच ठिकाणी दोनदा फिरवतात: आधी हळू, लाल पेशी वेगळ्या करायला, मग जोरात, प्लेटलेट एका जागी आणायला. त्यानंतर वरचा विरळ भाग टाकून खालचा दाट भाग घ्यायचा. वीस मिलिलिटर रक्तातून कामाचं हाती लागतं ते तीन-चार मिलिलिटर.

पण दाट काय आणि विरळ काय, दोन्ही दिसायला पिवळंच. नुसत्या नजरेने छातीठोक सांगता येत नाही, मलाही नाही. एका क्लिनिकचा पोरगा एकदा आमच्याकडे त्यांच्या पीआरपीची नळी घेऊन आला होता, सहज मोजून बघा म्हणून. काउंट निघाला २ लाख १० हजार. म्हणजे साध्या रक्तात असतो तेवढाच. पेशंटला तो नेमका किती रुपयांना गेला हे मी विचारलं नाही.

पीआरपी म्हणवून घ्यायला काउंट मायक्रोलिटरमागे दहा लाखांच्या आसपास हवा, असा एक आकडा बरेच तज्ज्ञ धरतात. तो गाठलाय का हे शाळेतल्या त्रैराशिकाने तपासता येतं. तुमचा काउंट दोन लाख, रक्त काढलं वीस मिलिलिटर. एकही प्लेटलेट वाया न घालवता ती सगळी चार मिलिलिटरमध्ये कोंबली तर पाचपट दाटी, म्हणजे दहा लाख. आता दहाच मिलिलिटर रक्त काढून कुणी पाच मिलिलिटर "पीआरपी" टोचलं, तर फार तर चार लाख. मुळात दहा मिलिलिटर रक्तात प्लाझ्माच साधारण पाच-साडेपाच मिलिलिटर असतो. म्हणजे दाट-विरळ न निवडता सगळा पिवळा भाग उचलून टोचला, असा त्याचा सरळ अर्थ.

केस म्हणजे उसाचं बेट

माझं माहेर वाळव्याकडचं, त्यामुळे केसांचं गणित मला उसावरूनच समजलं. ऊस तोडला तरी बुडखा जमिनीत असतो आणि पुन्हा फुटतो. त्याला खोडवा म्हणतात. केसाचंही तसंच. मूळ कातडीत राहतं. केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग वाढ थांबते, दोन-तीन महिने नुसता बसून राहतो आणि गळतो. त्याच मुळातून नवा येतो. डोक्यावर साधारण लाखभर केस, त्यामुळे रोज पन्नास ते शंभर गळणं हा हिशेबातलाच भाग आहे.

शेतकऱ्याला आणखी एक माहीत असतं. लागणीचा ऊस जाड, खोडवा त्याहून कमी, आणि निडवा, म्हणजे खोडव्यानंतरचं पीक, आणखी बारीक. अनुवंशिक टक्कल पडताना हेच होतं. पुरुषी संप्रेरकाचं एक रूप काही मुळांना सोसत नाही. दर फेरीला केस आधीपेक्षा बारीक, आखूड येतो आणि लवकर गळतो. आधी भांग रुंद होतो, कपाळाचे कोपरे मागे सरकतात. बऱ्याच फेऱ्यांनंतर मूळ जवळजवळ निजतं आणि तिथली कातडी गुळगुळीत, चकचकीत होते.

पीआरपीचं काम चालतं ते खोडवा-निडव्याच्या टप्प्यावर. बुडखा जिवंत आहे पण जोम गेलाय, अशा जागी. जिथे बेटच उरलं नाही तिथे कितीही खत घाला, ऊस येत नाही. चकचकीत टकलावर पीआरपी करून घेणाऱ्याने ते पैसे सरळ टोपीवर घालवावेत. आणि खत म्हणजे जमिनीतल्या रोगावरचं औषध नव्हे. संप्रेरकाचा त्रास पीआरपीने थांबत नाही, म्हणून परिणाम टिकवायला पुन्हा पुन्हा करावं लागतं. सहसा महिन्याच्या अंतराने तीन सिटिंग आणि पुढे चार-सहा महिन्यांनी एक.

मग गुण येतो की नाही?

काहींना येतो, मध्यम येतो.

२०१५ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी वीस पुरुषांच्या अर्ध्या डोक्यावर पीआरपी आणि अर्ध्यावर सलाइन टोचलं, महिन्याच्या अंतराने तीनदा. डोकं तेच, माणूस तोच, त्यामुळे तुलना चोख. तीन महिन्यांनी पीआरपीच्या बाजूला मोजणीच्या जागेत सरासरी ३३ केस जास्त भरले. पण वीसपैकी चौघांची गळती पुढे सव्वा वर्षाच्या आसपास परत दिसू लागली. पुढच्याच वर्षी, २०१६ मध्ये, अमेरिकेत २६ बायकांवर आंधळी चाचणी झाली, म्हणजे कुणाला काय टोचलं हे कुणालाच माहीत नव्हतं. टोचलं एकदाच. फरक पडला नाही.

आता यातलं खरं कोणतं? दोन्ही. एकीकडे तीन डोस, दुसरीकडे एक. यंत्र वेगळं, काउंट वेगळा, माणसं वेगळी. क्रोसिनची गोळी मिरजेत घ्या नाहीतर मुंबईत, आत तेवढंच पॅरासिटामॉल असतं. पीआरपी प्रत्येक क्लिनिकात, प्रत्येक पेशंटसाठी ताजं बनतं, आमटीसारखं. आमटी शरीराला चांगली की नाही, असं विचारलं तर काय सांगणार? कुणाच्या घरची ते आधी सांगा. सगळे अभ्यास एकत्र घातले तर पारडं केसांची दाटी थोडी वाढते याच बाजूला झुकतं, पण अभ्यास लहान आहेत आणि एकाची रीत दुसऱ्याला जुळत नाही.

शिवाय रांगेत पीआरपीच्या पुढे दोन जुनी औषधं उभी आहेत. मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाची गोळी. ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढले म्हणून डोक्याला लावायचं औषध निघालं, १९८८ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. फिनास्टेराइड पुरुषांच्या टकलासाठी १९९७ मध्ये आलं. ते गरोदर बाईच्या वाऱ्यालाही ठेवू नये, पोटातल्या मुलग्याला अपाय होऊ शकतो. दोन्ही औषधांचे फायदे-तोटे हजारो माणसांवर तपासलेले आहेत. चांगला त्वचारोगतज्ज्ञ पीआरपी सुचवतो ते सहसा याला जोड म्हणून. पहिल्याच भेटीत, तपासणीआधी पॅकेज पुढे आलं तर उठून यावं, हे माझं मत.

चेहऱ्यावरची चकाकी

२०१३ मध्ये अमेरिकन टीव्हीवरच्या किम कार्दाशियनने रक्ताने माखलेल्या चेहऱ्याचा फोटो टाकला आणि "व्हॅम्पायर फेशियल" जगभर झालं. यात बारीक सुयांचं यंत्र गालावरून फिरवतात आणि वर पीआरपी चोळतात किंवा टोचतात.

इथे एक गंमत लक्षात घ्या. सुई टोचली की बारीक जखम होते आणि जखमेवर तुमच्या रक्तातल्या प्लेटलेट आपणहून धावत येतातच. नुसत्या सुयांनीही त्वचा थोडी सुधारते. मग वरून ओतलेल्या पीआरपीने किती भर घातली? २०१८ मध्ये अमेरिकेत २७ जणांच्या एका गालात पीआरपी आणि दुसऱ्यात सलाइन टोचून सहा महिने वाट पाहिली. लोकांना स्वतःला पीआरपीचा गाल जास्त तुकतुकीत वाटला. कोणत्या गालात काय आहे हे माहीत नसलेल्या त्वचातज्ज्ञांना मात्र ठोस फरक दिसला नाही.

मुरुमांच्या खड्ड्यांवर सुयांबरोबर पीआरपीचा थोडा जास्त उपयोग होतो असं काही अभ्यास सांगतात. नुसत्या "ग्लो"साठी मला विचाराल तर सनस्क्रीनची ट्यूब स्वस्त पडते, आणि ती काम करते याबद्दल कुणी वाद घालत नाही.

"स्वतःचंच तर रक्त, धोका कसला?"

रक्त स्वतःचं असेल तर धोका खरंच कमी. ॲलर्जीचा प्रश्न सहसा येत नाही. दुखतं, टाळू ठणकते, कपाळावर दोन दिवस सूज उतरते.

पण ते स्वतःचंच आहे कशावरून? एका वेळी चार पेशंटच्या नळ्या यंत्रात फिरत असतील आणि कुणी नाव लिहायला विसरलं असेल, तर बाहेर आलेल्या चारही नळ्या सारख्याच दिसतात. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात अल्बुकर्की शहरातल्या एका विनापरवाना स्पामध्ये व्हॅम्पायर फेशियल केलेल्या बायकांना एचआयव्हीची लागण झाल्याचं २०१८ पासून उघड होत गेलं. तिथल्या सरकारी रोगनियंत्रण केंद्राने २०२४ मध्ये अहवाल दिला, त्यात अशा तीन बायकांची लागण बहुधा तिथूनच झाल्याचं म्हटलंय. तपासात नाव-तारीख नसलेल्या रक्ताच्या नळ्या सापडल्या होत्या, स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये खाण्याच्या वस्तूंशेजारी त्या ठेवल्या होत्या. हे वाचल्यावर मी जेवण अर्धं टाकून उठले होते. रक्त वाईट नव्हतं, शिस्त नव्हती.

म्हणून नळीवर आपलं नाव आपल्यासमोर लिहून घ्यायचं, सुई-सिरिंज समोर फोडायला सांगायची. यात लाजण्यासारखं काही नाही. आमच्या लॅबमध्ये एक आजोबा दर वेळी नळीवरचं स्वतःचं नाव मोठ्याने वाचून दाखवायला लावायचे. तेव्हा वैताग यायचा.

प्लेटलेट कमी असलेल्यांनी, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असलेल्यांनी, टाळूला किंवा चेहऱ्याला जंतुसंसर्ग असलेल्यांनी, कॅन्सरचा इतिहास असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

"मंजुरी असल्याशिवाय का करतील?"

मंजुरी कशाला आहे ते बघावं. अमेरिकेत पीआरपी बनवायच्या किटना परवानगी मिळाली ती हाडाच्या कलमात मिसळण्यासाठी. केसांसाठी वापरणं डॉक्टरांच्या मर्जीवर. आपल्याकडे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला २०२२ मध्ये केशरोपण आणि सौंदर्य शस्त्रक्रियांबद्दल सूचना काढाव्या लागल्या. यूट्यूबवर बघून किंवा कार्यशाळेत बसून हे शिकता येत नाही, असं त्यात चक्क लिहिलंय. ते लिहावं लागलं यावरून काय ते समजा.

आणि पायऱ्या चढत जातात. पीआरपीनंतर जीएफसी, म्हणजे प्लेटलेट फोडून नुसते निरोप गाळून घेतलेले. त्यापुढे एक्सोसोम, म्हणजे पेशींनी बाहेर टाकलेल्या सूक्ष्म पिशव्या, आणि त्या बहुतेकदा तुमच्या नसतातच, बाटलीतून येतात. दर पायरीला दर वाढतो, पुरावा मात्र पातळ होत जातो. एक्सोसोमबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ मध्येच जाहीर इशारा दिला होता. कुणी पीआरपीला "स्टेम सेल" म्हणून विकत असेल तर तो चुकतोय किंवा फसवतोय. प्लेटलेटला केंद्रकच नसतं, त्यातून नवी पेशी निघणार कुठून?

"माझ्या मैत्रिणीला तर गुण आला"

आला असेल. पण तिचे केस मुळात का गळत होते?

मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन, उपासमारीचं डाएट, कोव्हिड. शरीराला असा दणका बसला की बरेच केस एकदम वाढ थांबवून बसतात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. मुळं शाबूत असतात. सहा महिन्यांत गळती आपणहून ओसरते. आता गंमत बघा: गळती शिगेला असते तेव्हा माणूस क्लिनिकची पायरी चढतो. तीन सिटिंग होईपर्यंत तीन महिने जातात. तेवढ्यात केस येणारच असतात. श्रेय कुणाला मिळतं?

कारण शोधल्याशिवाय उपचार करू नयेत हे बुलढाण्याने आपल्याला दाखवलंच आहे. २०२५ च्या सुरुवातीला शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस दोन-चार दिवसांत हातात येऊ लागले. आधी शाम्पूवर, मग पाण्यावर संशय गेला. डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियम या खनिजाकडे बोट दाखवलं. अशा गळतीत डोक्यात काय टोचलं असतं?

भाचीची तारीख मी बोटांवर मोजली. ऑगस्टमध्ये डेंग्यू, नोव्हेंबरमध्ये गळती. तिला म्हटलं, आधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे अंगातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड करून घे, आणि त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, पॅकेजवाल्याकडे नको. तरीही करायचंच असेल तर त्यांना एवढंच विचार: रक्त किती काढणार, हातात किती मिलिलिटर येणार, आणि टोचण्याआधी काउंट करता का.

तिने फोन केला. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, आमच्याकडे काउंट नसतो, रिझल्ट असतो."

तपासणीत फेरिटिन कमी निघालं. लोहाच्या गोळ्या चालू झाल्या, बाकी काही नाही. गुढीपाडव्याला घरी आली तेव्हा कपाळावर तीन-चार सेंटीमीटरचे नवे केस उभे राहिले होते, साळिंदरासारखे. पुरणपोळी खाताना तिची एकच कुरकुर चालली होती, की हे कुठल्याच क्लिपखाली बसत नाहीत.